सुपरचार्जर : जादा हवा आणि तिची उष्णता

मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढवायची तर काय करावे लागेल? वर्गात विचारले तर बहुतेक मुले सांगतील, 'जास्त पेट्रोल घालायचे.' पण पेट्रोल पुरवणे सोपे आहे. अवघड आहे ते हवा पुरवणे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. १.६ लिटर क्षमतेचे फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत फार तर १.६ लिटर हवा ओढते. मिनिटाला ६००० फेरे धरले तर सेकंदाला ८० लिटर, म्हणजे सुमारे ९५ ग्रॅम हवा झाली. तिच्यात साडेसहा ग्रॅम पेट्रोल जळेल. त्याहून बरेच जास्त ओतले तर ते न जळताच धुराड्यातून बाहेर पडेल.

तेव्हा शक्ती हवी असेल तर तेवढ्याच जागेत अधिक हवा कोंबली पाहिजे. हे काम सुपरचार्जर करतो. तो म्हणजे इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. अमेरिकेतील रूट्स बंधूंनी १८६० मध्ये अशा पंपाचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझने सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या मांडल्या. त्यांतल्या एकीचे नाव ६/२५/४० असे होते. पहिला आकडा करआकारणीचा, दुसरा पंपाशिवायच्या अश्वशक्तीचा आणि तिसरा पंपासह मिळणाऱ्या अश्वशक्तीचा.

त्या गाड्या कारखान्यातच तशा घडवल्या होत्या. साध्या इंजिनावर नंतर सुपरचार्जर बसवला तर काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ या गाडीचे इंजिन १.६ लिटरचे होते आणि त्याचे संपीडन गुणोत्तर ९.४ होते, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण पिस्टन ९.४ पट दाबून लहान करी. या गाडीसाठी १९९० च्या दशकात अमेरिकेत सुपरचार्जरचे तयार संच विकले जात.

समजा, पंपाने हवेचा दाब १ वातावरणावरून १.४ वर नेला. मग हवाही ४० टक्के जास्त मिळेल का? नाही. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक तापते, तशीच इथेही हवा दाबताना तापते. ३० अंश सेल्सिअसची, म्हणजे ३०३ केल्व्हिनची हवा उष्णता बाहेर न जाता १.४ पट दाबली, तर तिचे तापमान सुमारे ३१ अंशांनी वाढते. खरा पंप आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर वाढ ५१ अंशांची होते. हवा ८१ अंशांवर, म्हणजे ३५४ केल्व्हिनवर पोहोचते. आता घनता पाहा : १.४ × ३०३ ÷ ३५४ = १.२. दाब ४० टक्के वाढला, पण हवा वाढली फक्त २० टक्के. शिवाय पंप फिरवायला लागणारी शक्ती इंजिनातूनच गेली.

खरा धोका पुढे आहे. सिलिंडरमध्ये हे मिश्रण पुन्हा दाबले जाते आणि त्याचे निरपेक्ष तापमान दुपटीहून अधिक होते. म्हणजे आत येताना असलेले ५१ जादा अंश ठिणगी पडण्याच्या वेळी शंभरावर जातात. ठिणगीपासून निघालेली ज्योत पसरत असताना कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण आणखी दाबले जाते. ते फार तापले तर ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटते. दाबाच्या लाटा धातूवर आदळतात आणि खडखड ऐकू येते. यालाच इंजिन 'नॉक' होणे म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टनचा माथा वितळतो, रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट फुटते.

म्हणून सुरक्षिततेचे बहुतेक उपाय उष्णतेशी निगडित आहेत. पहिला, दाब मर्यादित ठेवणे. पंपाची पुली लहान केली की पंप जोरात फिरतो आणि दाब वाढतो, हा मोह टाळावा. दुसरा, इंटरकूलर, म्हणजे दाबलेल्या हवेसाठी रेडिएटर. आपल्या उदाहरणातली हवा त्याने ४५ अंशांवर आणली, तर वाढ २० ऐवजी सुमारे ३३ टक्के मिळते आणि नॉकही दूर राहतो. तिसरा, ठिणगी थोडी उशिरा पाडणे, म्हणजे दाबाचा कळस खाली राहतो. चौथा, जास्त ऑक्टेन अंकाचे पेट्रोल. हा अंक म्हणजे नॉकला विरोध करण्याचे माप.

पाचवा उपाय इंधनाचा, आणि दुर्लक्ष होते ते इथेच. पूर्ण जोरात चालताना हवा-पेट्रोल प्रमाण १२ च्या आसपास ठेवतात. जादा पेट्रोल वाफ होताना मिश्रण थंड करते. पण एमएक्स-५ च्या या इंजिनात हवा मोजायला एक झडप होती. ती पूर्ण उघडल्यावर आणखी हवा आली तरी संगणकाला कळत नसे. मूळ इंजेक्टरांनाही मर्यादा असते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर सर्वांत जास्त थंडावा हवा असतो नेमका तेव्हाच तो मिळत नाही. म्हणून मोठे इंजेक्टर, पुरेसा इंधनपंप आणि नव्याने बेतलेली नियंत्रणप्रणाली यांशिवाय सुपरचार्जर बसवू नये.

हे सारे करण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे. झिजलेल्या इंजिनाला जादा दाब झेपत नाही. वेग वाढला की ब्रेक आणि क्लचही तोलामोलाचे लागतात. आणि भारतात कायदाही पाहावा लागतो : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही.

वर्गासाठी एक उदाहरण देतो. दाब १.४ ऐवजी १.८ वातावरण केला, तर हवा किती तापेल आणि किती वाढेल? दाबांच्या गुणोत्तराचा ०.२८६ वा घात घेऊन त्याने निरपेक्ष तापमानाला गुणा. येणारी वाढ ०.६ ने भागा. उत्तर येते सुमारे १२२ अंश सेल्सिअस आणि ३८ टक्के जादा हवा. जादा दाब दुप्पट झाला, पण मिळालेली हवा दुपटीपेक्षा कमीच वाढली. तापमान मात्र पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या पुढे गेले. अशा पंपाला इंटरकूलर का हवा, हे मग मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.