धारेच्या दगडाची सपाटी आणि कलमांचे यश

नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजेच सर्वपरिचित पुसा संस्थेने, दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून ‘आम्रपाली’ ही आंब्याची जात विकसित केली. तिची कोय पेरली तर झाड येते, पण आम्रपाली येत नाही. संकराचे गुण बियांमधून जसेच्या तसे उतरत नसल्यामुळे या जातीचे अस्सल झाड कलमातूनच तयार करावे लागते. जातीचे सातत्य असे माळ्याच्या चाकूवर अवलंबून असते. तो चाकू ज्या दगडावर पाजवला जातो, त्या दगडाकडे मात्र रोपवाटिकेत सहसा कोणी पाहत नाही.

उत्तर भारतात आंब्याचे व्हिनिअर कलम प्रामुख्याने पावसाळ्यात केले जाते. खुंटावर तीन ते चार सेंटिमीटर लांबीचा तिरपा काप घेऊन काडीलाही तसाच जुळता काप देतात आणि दोन्ही पट्टीने आवळून बांधतात. साल व लाकूड यांच्यामधील कॅम्बियम हा जिवंत पेशींचा अतिशय पातळ थर खुंटात आणि काडीत एकमेकांना भिडला, तरच सांधा जुळतो. काप ओबडधोबड झाला की मध्ये पोकळी राहते आणि काडी सुकते. कोकणातील कोय कलमालाही हाच नियम लागू आहे. मर झाली की दोष हवामानाला, काडीला किंवा कामगाराच्या हाताला दिला जातो. हे दोष असतातही. परंतु दगडाची तपासणी त्या यादीत क्वचितच असते.

कलमाच्या चांगल्या चाकूची एक बाजू सपाट आणि दुसरी उतरती असते. सुताराच्या पटाशीची रचनाही अशीच. सपाट बाजूच्या आधाराने पाते लाकडात सरळ चालते. दगडाचा मात्र मधला भाग सर्वाधिक वापरला जातो, म्हणून तो आधी झिजतो आणि दगड होडीसारखा खोलगट होतो. अशा दगडावर सरळ पाते आडवे ठेवले तर ते केवळ दोन्ही कडांवर टेकते. मधली धार दगडाला लागतच नाही. ती लागावी म्हणून हात नकळत पात्याची पाठ उचलतो आणि सपाट बाजूलाही बारीक उतार पडतो. त्यानंतर पाते लाकडातून सरळ न जाता बाहेर निसटू पाहते. धार कागद कापण्याइतकी तीक्ष्ण असूनही काप वाकडा येतो, तो यामुळे.

पुसा परिसरापासून फार दूर नसलेल्या कीर्ती नगरच्या फर्निचर बाजारातील सुताराला हा दोष लवकर कळतो, कारण लाकूड तो लगेच दाखवते. समजा, पन्नास मिलिमीटर रुंदीचा दगड मध्यभागी एक मिलिमीटर खोल गेला आहे. त्यावर घासलेल्या तेवढ्याच रुंदीच्या रंध्याच्या पात्याला जवळपास तेवढाच फुगवटा येतो. रंध्याचा बारीक छिलका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही जाड नसतो. म्हणजे पात्याचा केवळ मधला भागच कापतो आणि फळीवर पन्हाळी उमटतात. माळ्याला मात्र दगडाचा निकाल काही आठवड्यांनी, वाळलेल्या काडीवरून समजतो.

उपाय स्वस्त आहे. दगडावर पेन्सिलने चौकटी आखाव्यात. आठ ते दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचा तुकडा भक्कम टेबलावर ठेवून त्यावर १२० ते २२० क्रमांकाचा वॉटर पेपर पाणी लावून चिकटवावा आणि त्यावर दगड घासावा. मधल्या रेषा शिल्लक राहिल्या, तर तेथे खोलगटपणा आहे. सर्व रेषा एकसारख्या पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. सिलिकॉन कार्बाइडचा कठीण दगड कागद लवकर संपवतो. त्यासाठी काचेवर त्याच पदार्थाची सुटी भुकटी वापरणे सोयीचे. सिमेंटच्या फरशीवर दगड घासण्याची रीत बरीच प्रचलित आहे, पण फरशी डोळ्याला सपाट दिसते म्हणून ती सपाट असतेच असे नाही.

काच नसेल तर तीन दगड पुरतात. केवळ दोन दगड एकमेकांवर घासले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते तंतोतंत जुळू शकतात. तिसरा दगड आळीपाळीने घेतला की ही फसवणूक टिकत नाही. ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये धातूच्या अचूक सपाट पृष्ठांविषयी मांडलेल्या पद्धतीच्या मुळाशी तीन पृष्ठांचे हेच तत्त्व आहे.

दिल्लीच्या गल्लीबोळांत सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याचे चाक विळा किंवा सुरीसाठी उत्तम. कलमाच्या चाकूसाठी नव्हे. चाकाचा गोलावा पात्यात उतरतो, आणि पाते तापून निळसर झाले तर पोलादाचे पाणी उतरते.

पावसाळी कलमांपूर्वी आणि हिवाळ्यात गुलाबाचे डोळे भरण्यापूर्वी दगड एकदा सपाट करावा. ऐन हंगामात आठवड्यातून एकदा पेन्सिलच्या रेषांनी तपासावा. तेलाचा दगड वापरल्यास कापण्यापूर्वी पाते स्पिरिटने पुसून घ्यावे, म्हणजे तेलाचा अंश कापावर राहत नाही.