गुलाबी पाणी आणि एक शब्द

काचेच्या ग्लासात धुण्याच्या सोड्याचं नितळ पाणी आहे. एक माणूस त्यात बोटं बुडवतो आणि बघता बघता पाणी गुलाबी होतं! लाचेच्या सापळ्यातलं हे रसायन साधं आहे. नोटांना आधी फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात आणि सोड्याच्या पाण्यात ती गुलाबी होते. महाराष्ट्रातल्या अनेक सापळ्यांत अँथ्रासिनची पूड वापरली गेली आहे. ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते.

पंचांसमक्ष बाटल्या सीलबंद होतात, पंचनामा होतो. आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?

खरं नवल तर पुढेच आहे. विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेला लोकसेवक उच्च न्यायालयात अपील करतो, तेव्हा बहुतेकदा सारा वाद एका शब्दापाशी येतो: मागणी. नोट हाताला लागली, एवढंच रंग सांगतो. उसने दिलेले पैसे परत घेतले, किंवा नको म्हणताना कुणी खिशात कोंबले, तरी बोटं तितकीच गुलाबी होणार. म्हणून न्यायमूर्ती पंचाची साक्ष ओळ न् ओळ वाचतात. पैसे मागितल्याचं त्याने स्वतः ऐकलं, की तो दाराबाहेर उभा होता?

आणि तक्रारदारच हयात नसेल तर? १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला, तरी मागणी इतर पुराव्यांवरून, परिस्थितीवरूनही सिद्ध होऊ शकते; पण ती सिद्ध झालीच पाहिजे. ज्या दिल्लीतल्या प्रकरणातून हा प्रश्न उभा राहिला, त्यातल्या आरोपीची मार्च २०२३ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. मागणीचा पुरावा पुरेसा नव्हता.

दोष कायम राहिला, तर मात्र दयेलाही मर्यादा आहे. लाचविरोधी कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतरही लाचेला किमान तीन वर्षं कैद आहे आणि वय, आजारपण सांगून त्याखाली सहसा जाता येत नाही. अपील सुरू असताना शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळू शकतो, पण दोषसिद्धी सहजासहजी स्थगित होत नाही. अपीलकर्ता मधेच वारला, तर जवळचे नातेवाईक तीस दिवसांत परवानगी मागून अपील पुढे चालवू शकतात. माणूस गेला तरी त्याच्या नावावरचा डाग पुसण्याची वाट कायद्याने खुली ठेवली आहे.

तुमच्याकडे कुणी लाच मागितली, तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. मागताना वापरलेले शब्द जसेच्या तसे सांगा. खटला टिकतो तो त्या शब्दांवर.