पुनर्निर्मित थरारपट आणि नरबळीचा संदर्भ : ‘संघर्ष’ व ‘आक्रीत’

परकीय चित्रपटाची पुनर्निर्मिती करताना कथेचा सांगाडा सहज उचलता येतो. गुन्ह्यामागचे कारण मात्र तसे उचलता येत नाही. खूनसत्रावरील संथ थरारपटात ही अडचण अधिक जाणवते, कारण त्याची गती ‘खून कोणी केला’ यापेक्षा ‘का केला’ या प्रश्नावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने ‘संघर्ष’ (१९९९) या हिंदी चित्रपटाचा विचार केला असून त्याच्या शेजारी ‘आक्रीत’ (१९८१) हा मराठी चित्रपट ठेवला आहे.

जोनाथन डेमी यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९९१) मध्ये एक प्रशिक्षणार्थी तपास अधिकारी तुरुंगातील मनोविकारतज्ज्ञाकडून खुन्याचा माग काढते आणि मोबदल्यात त्याला स्वतःच्या बालपणीच्या आठवणी सांगते. चित्रपटाचा संथपणा या संभाषणांत आहे. तनुजा चंद्रा दिग्दर्शित ‘संघर्ष’मध्ये हा आराखडा स्पष्ट ओळखू येतो. सिनेटरच्या मुलीच्या जागी गृहमंत्र्यांचा मुलगा आला, तर मनोविकारतज्ज्ञाच्या जागी तुरुंगातील प्राध्यापक. हा प्राध्यापक पुढे नायक आणि प्रियकर झाल्याने मूळ संभाषणांतील धास्ती नाहीशी झाली. गाण्यांविषयी वेगळे सांगणे नलगे.

खरा बदल खुन्याच्या हेतूत आहे. मूळ चित्रपटातील खुनी स्त्रियांच्या कातडीचे वस्त्र शिवू पाहतो. आशुतोष राणा यांनी रंगविलेला लज्जाशंकर पांडे अमरत्वासाठी बालकांचे बळी देतो. लेखकाने येथे आपल्या मातीतील कारण शोधले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो नरबळी एका विक्षिप्त माणसाच्या डोक्यात कोंडून ठेवला. त्याच्याभोवतीचा समाज निर्दोष राहतो.

मराठवाड्याला हे पटणे कठीण आहे. भूमच्या वाचकाला परभणी जिल्ह्यातील मानवत परके नाही. १९७२ ते १९७४ या काळात तेथे लहान मुली व स्त्रियांचे खून झाले. दुष्काळाचेच ते दिवस. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती हे हेतू तपासात पुढे आले. खटल्याची मदार मोठ्या प्रमाणात माफीच्या साक्षीदारांवर होती आणि १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला गुन्ह्यातील साथीदाराच्या साक्षीचे मूल्य तपासावे लागले. म्हणजे हे एकट्या माथेफिरूचे कृत्य म्हणून न्यायालयासमोर आलेच नव्हते. त्यात पैसा होता, हुकूम पाळणारी माणसे होती. नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला तो २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर.

मानवत प्रकरणावर विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि अमोल पालेकर यांनी ‘आक्रीत’ दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट. गावातील वजनदार मुकुटराव आणि त्याच्यासोबत राहणारी रुही यांच्या संबंधांतून खून उलगडतात. मुकुटरावाची भूमिका स्वतः पालेकर यांनी केली असून रुही चित्रा पालेकर यांनी साकारली आहे. येथील संथपणा उत्कंठा लांबविण्यासाठी योजलेला नाही. तो गावाच्या नित्यक्रमाचा आहे, आणि त्या नित्यक्रमात खूनही सामावले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘संघर्ष’मधील आरडाओरड्यापेक्षा हे अधिक भयावह आहे.

याच प्रकरणावर २०२४ साली आशिष बेंडे यांनी ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका केली. तिचा आधार तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचे आत्मकथन हा आहे. त्यामुळे घटना मानवतची असूनही कथेच्या मध्यभागी पुन्हा बाहेरून आलेला तपास अधिकारी उभा राहिला.