वडाचे बी

गेल्या पावसाळ्यात आमच्या ख्रिस्तमंदिराच्या गच्चीच्या कठड्यात वडाचे रोप उगवले. डागडुजीस आलेला गवंडी म्हणाला, "फादर, आज उपटले नाही तर उद्या भिंत फोडील." खरेच होते ते. परंतु इ. स. ८१२ च्या ताम्रपटात ज्या गावाचे नाव 'वटपद्रक' असे आढळते, त्या वडोदऱ्यात आम्हांस वड फेकवेना.

वडाचे फूल आमच्या किती वाचकांनी पाहिले असेल? ज्यास आपण कोवळे फळ समजतो, त्याच्या पोटातच शेकडो सूक्ष्म फुले दडलेली असतात. शेंड्याच्या बारीक छिद्रातून चिलटाएवढी एक माशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंखही तुटतात. अंगावरील पराग फुलांना देऊन, काही फुलांत अंडी घालून ती तेथेच मरते. पुढे तिच्या संततीतील पंखहीन नर बाहेरची वाट कोरतात आणि माद्या नवे पराग घेऊन उडतात. त्यांचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे! एका वडाची फळे बहुधा एकदमच तयार होतात. म्हणून तेवढ्या अवधीत माशीला कोवळी फळे धरलेला दुसरा वड गाठावा लागतो. अर्थात परिसरात निरनिराळ्या वेळी फळणारे पुष्कळ वड हवेत. रस्तारुंदीच्या वेळी "एकच तर झाड" म्हणणारे हा हिशेब करीत नाहीत.

फळ पिकून लाल झाले की साळुंक्या, तांबट, वटवाघळे ते खातात व विष्ठेतून बी दूर नेतात. हे बी इतके बारीक की, प्रभूने मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत आपल्या देशी सांगितला असता तर वडच निवडला असता, असे आम्हांस वाटते. आईच्या दाट सावलीत ते तगत नाही. त्यास उजेड हवा आणि टिकणारी ओल हवी. म्हणून ते शिंदीच्या खाचेत, विहिरीच्या चिऱ्यांत, नाहीतर आमच्या कठड्यात रुजते.

मोठेपणी त्याचा आधार पारंब्या. हावड्याजवळील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ साली काढावे लागले. झाड पारंब्यांवर उभे आहे. मात्र पारंबीला माती मिळाली पाहिजे. बुंध्यापर्यंत डांबर घातले, तर ती टेकणार कोठे?

गवंड्याने चुना हळूच खरवडून रोप मुळांसकट काढले. आम्ही ते विटांचा चुरा व पालापाचोळा घातलेल्या डब्यात लावले. जुनी पाने गळली. गेल्या रविवारी एक तांबूस कोंब दिसला. पुढील पावसाळ्यात त्यास भिंतीपासून दूर, आवाराच्या मोकळ्या कोपऱ्यात जागा द्यावयाची आहे. खड्डा खणण्यास तरुण मंडळींनी यावे.