अडलेली चावी

लग्नसराई ओसरली की बँडवाल्यांची क्लॅरोनेटं दुरुस्तीला निघतात. संपादकांना हवा होता वाद्याचा इतिहास. तो थोडक्यात असा: १८३९ ते १८४३ या काळात पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि कारागीर ब्यूफे यांनी आजची रचना बसवली, आणि तिला नाव मिळालं म्युनिकच्या बोह्म या बासरीकाराचं. पण मी रमलो ते गिरगावातल्या एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलापाशी.

सतरा चाव्या, सहा कड्या. लांब चावीची घडण साधी: पोकळ नळी, तिच्यातून जाणारी पोलादी सळई आणि दोन्ही टोकांना लाकडात रोवलेले खुंट. सळईच्या एका टोकाला आटे, दुसऱ्याला स्क्रूची खाच. बोट उचललं की बारीक स्प्रिंग चावीला जागेवर नेते. ती अर्ध्यात अडली की सूर फसलाच.

अशा वेळी वादक स्प्रिंग वाकवून ताण वाढवतात. हा कारागीर आधी स्प्रिंग सोडवतो आणि वाद्य तिरपं धरतो. चावी आपल्या वजनाने पडली तर सांधा निर्दोष. अडली, तर तो स्क्रू पाव फेरा सैल करतो. तेवढ्याने मोकळी झाली, म्हणजे खुंट नळीला चिमटत होते. तरीही अडली, तर आत गंज किंवा साचलेलं तेल, नाहीतर सळईच वाकलेली. ती काचेवर घरंगळवली की बाक लगेच दिसतो. हे निदान इतकं नेमकं आहे की मला त्याचा हेवा वाटला. सैल होऊन बाहेर येणाऱ्या स्क्रूला तो पिळत नाही. डोक्याशी नेल पॉलिशचा ठिपका देतो. पुढे हवा तेव्हा तो स्क्रू निघतो.

खरी अडचण लाकडाची. हवा कोरडी झाली की ब्लॅकवुड आक्रसतं, खुंट किंचित जवळ येतात. मुंबईच्या दमट हवेत सुरळीत चालणारी चावी नागपूरच्या उन्हाळ्यात अडते. तिथे घाईघाईने कोणी नळीच्या टोकाला कानस लावली, तर पावसाळ्यात तीच चावी खडखडू लागते. मग खास पक्कडीने नळी दाबून केसभर लांबवावी लागते. पण आतून झिजून लंबगोल झालेली नळी त्याने नीट होत नाही, आणि एका कंपनीची सळई दुसऱ्या कंपनीच्या वाद्यात बसेलच असं नाही. म्हणून कानस उचलण्याआधी तो गिऱ्हाइकाला विचारतो, हे वाद्य कुठे अडलं आणि पुढे कुठे वाजणार आहे.