स्त्रियांचे दुर्मिळ व वेगाने वाढणारे कर्करोग : पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी जाणून घ्या

काशीतील भोसले घाट, ब्रह्माघाट व दुर्गाघाट परिसरातील मराठी कुटुंबांसाठी

गर्भाशयातील बहुतेक गाठी, म्हणजेच फायब्रॉइड, निरुपद्रवी असतात. मात्र क्वचित एखादी गाठ सार्कोमा या वेगाने पसरणाऱ्या कर्करोगाची असते. सोनोग्राफीत दोन्ही सारख्याच दिसू शकतात. पॅप चाचणी गर्भाशयमुखाची असते. ती निर्दोष आली तरी गर्भाशयाचा वा बीजकोशाचा कर्करोग नाही, असे सिद्ध होत नाही.

पुढीलपैकी एकही लक्षण आढळल्यास त्वरित स्त्रीरोगतज्ज्ञांस दाखवावे :

• पाळी कायमची थांबल्यानंतर झालेला रक्तस्राव, एकदाच व अल्प असला तरी
• पाळी थांबल्यानंतरही वाढत राहणारी गाठ
• किशोरवयीन मुलीच्या पोटात झपाट्याने वाढणारी गाठ
• प्रसूती, गर्भपात किंवा द्राक्षगर्भ यांनंतर न थांबणारा रक्तस्राव

वयस्क स्त्रिया संकोचामुळे रक्तस्राव लपवितात. लेकी-सुनांनी आपणहून विचारपूस करावी.

शस्त्रक्रियेपूर्वी

सार्कोमावर औषधांचा प्रभाव मर्यादित असल्याने गाठ अखंड काढणे महत्त्वाचे ठरते. ती पोटातच यंत्राने बारीक केल्यास कर्करोगाच्या पेशी पसरू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये तसा इशारा दिला होता. म्हणून डॉक्टरांना विचारावे : कर्करोगाची शंका आहे का? गाठ अखंड काढणार का? काढलेला भाग तपासणीस पाठविणार का?

तपासणीचा अहवाल, काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे (ब्लॉक) मागून घेऊन जपून ठेवावेत. दुर्मिळ आजारात अनुभवी तज्ज्ञांकडून त्यांची फेरतपासणी करून घेणे हिताचे असते. निदान बदलल्यास उपचारही बदलतात.

वेगाने वाढणारा म्हणजे असाध्य नव्हे

गर्भधारणेशी संबंधित कोरिओकार्सिनोमा फुप्फुसांत पसरल्यावरही केमोथेरपीने बहुधा बरा होतो. रक्तातील एचसीजी या संप्रेरकाच्या तपासणीने तो ओळखण्यास मोठी मदत होते. मुलींच्या बीजकोशातील जर्म सेल गाठीही औषधांना उत्तम दाद देतात. अनेकदा गर्भाशय व दुसरा बीजकोश राखता येतो. दोन्ही आजारांत विलंब मात्र घातक ठरतो.

उपचार कोठे?

टाटा स्मारक केंद्राची दोन रुग्णालये याच शहरात आहेत : काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील महामना पंडित मदन मोहन मालवीय कॅन्सर केंद्र आणि लहरतारा येथील होमी भाभा कॅन्सर रुग्णालय. त्यामुळे उपचारांसाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठण्याची आवश्यकता नाही.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिक, उत्पन्नाची अट न ठेवता, पात्र आहेत. चौकशीसाठी दूरध्वनी : १४५५५.

रक्तस्राव पुन्हा होईल तेव्हा पाहू, असे म्हणून थांबू नका. पहिल्याच वेळी तपासणी करून घ्या.