विरजण आहे, दूध कुठे?

नाशिकच्या पंचवटीतून दोन रस्ते बाहेर पडतात. दिंडोरी रोड द्राक्षांच्या मुलखात जातो, पेठ रोड नागली-भाताच्या डोंगरात. एका रस्त्यावर बागेच्या कडेला निळी पिंपं दिसतात, गोमूत्र-गुळाच्या आंबूस वासाची. दुसऱ्या रस्त्यावर उन्हाळा चढला की उतारावर धूर दिसू लागतो. पिंपात जीवामृत असतं, धूर राबाचा असतो. दोन्हींना आपण सरसकट 'पारंपरिक शेती' म्हणतो. यात जुनं किती, नवं किती आणि जमिनीचं काम नेमकं कशानं होतं, हे सुटं करून पाहण्याची वेळ आली आहे. कारण आता या पद्धतींच्या मागे सरकारी पैसाही उभा राहतो आहे.

पोथ्यांमध्ये काय आहे?

बियाणं पेरण्याआधी त्यावर संस्कार करायचे, ही कल्पना खरोखरच प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याचं बी सात रात्री दवात आणि दिवसा उन्हात ठेवायला सांगितलं आहे, उसाच्या कांड्यांच्या कापांना मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण लावायला, तर सरकीला शेण चोळायला सांगितलं आहे. सरकीला शेण चोळणं आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत चालू होतं. त्यामागचं कारण साधं आहे: सरकीवर कापसाचे बारीक तंतू असतात, बिया एकमेकींना चिकटतात आणि चाड्यातून सुट्या पडत नाहीत. शेणमाती चोळली की त्या मोकळ्या होतात.

वराहमिहिराची बृहत्संहिता त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगते. झाडं लावण्याआधी जमिनीत तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तिथेच चिरडून मातीत मिसळावेत. हे आजचं हिरवळीचं खत झालं. आपला शेतकरी ताग किंवा धैंचा पेरतो आणि पीक फुलोऱ्यात आलं की, म्हणजे साधारण दीड महिन्यानं, जमिनीत गाडतो. तत्त्व तेच.

कृषिपराशरात खताचं वेळापत्रकच आहे. माघात शेणाचा ढीग उकरायचा, उन्हात वाळवून चूर्ण करायचं, फाल्गुनात शेतातल्या खड्ड्यांत भरायचं आणि पेरणीच्या वेळी पसरायचं. म्हणजे ताजं शेण थेट शेतात टाकायचं नाही. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीची अंडी-अळ्या शेतात येतात, हे उसाच्या आणि भुईमुगाच्या पट्ट्यातला कुणीही सांगेल.

सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात 'कुणपजल' आहे: प्राण्यांचं मांस, हाडं, चरबी शिजवून त्यात तिळाची पेंड, मध, उडीद, तूप घालून आंबवलेलं द्रावण. या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. डॉ. य. ल. नेने यांनी तिची प्रत मिळवली, डॉ. नलिनी साधले यांनी इंग्रजी अनुवाद केला आणि 1996 मध्ये सिकंदराबादच्या एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशननं तो छापला. तेव्हा कुठे कुणपजल पुन्हा शेतकऱ्यांच्या बोलण्यात आलं.

आणि जीवामृत? ते या पोथ्यांत सापडत नाही. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मराठी मुलखातली निर्मिती आहे.

पिंपातलं गणित

कोल्हापूरच्या मोहन शंकर देशपांडे यांनी 'ऋषी-कृषी' मांडली. तिच्यात दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली 'अंगारा': वडाखालची माती, एकरी 15 किलो, शेतात विस्कटायची. दुसरी अमृतपाणी: 10 किलो शेणात पाव किलो तूप फेसायचं, अर्धा किलो मध घालायचा आणि 200 लिटर पाण्यात कालवायचं. वडाखाली नांगर फिरत नाही, वर्षानुवर्षं पान गळतं आणि कुजतं, त्यामुळे तिथली माती जिवाणू-बुरशींनी भरलेली असते. पाच वडांच्या पंचवटीत हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पुढे अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी जीवामृत देशभर नेलं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृती आता तोंडपाठ झाली आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत, रोज दोनदा ढवळायचं. एवढं एका एकराला.

आता यात नत्र किती ते पाहू. 10 किलो ताज्या शेणात तीस-चाळीस ग्रॅम, 10 लिटर गोमूत्रात शंभरेक ग्रॅम, 2 किलो बेसनात सत्तरेक ग्रॅम. सगळं मिळून पाव किलोही भरत नाही. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे 48 किलो. चार-पाच पिंपं सोडली तरी एक किलोच्या फारसं पुढे आपण जात नाही. याउलट एक टन कुजलेल्या शेणखतात सुमारे 5 किलो नत्र असतं.

पाळेकरही जीवामृताला खत म्हणत नाहीत. विरजण म्हणतात. उपमा नेमकी आहे, पण ती पुरती वापरायला हवी. विरजण चमचाभर पुरतं, कारण खाली भांडंभर दूध असतं. जमिनीतलं दूध म्हणजे पालापाचोळा, शेणखत, मुळं, पाचट, म्हणजेच सेंद्रिय कर्ब. माती परीक्षणाच्या अहवालात हा कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर जमीन 'कमी' वर्गात धरतात. अशा जमिनीत सोडलेल्या जिवाणूंना खायला काही नसतं.

2019 च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी पाळेकरांच्या झिरो बजेट शेतीचा उल्लेख केला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं. वाद अजून मिटलेला नाही. कर्नाटकातल्या शास्त्रज्ञांनी जीवामृतातले जिवाणू मोजले, तेव्हा ते नवव्या ते बाराव्या दिवसादरम्यान सर्वाधिक भरले. जिवाणू आहेत, यात शंका नाही. ते कशावर जगणार, हा प्रश्न आहे.

बियाण्याचा संस्कार

बीजामृताची गोष्ट वेगळी आहे. तिथे अपेक्षाच मर्यादित असते, म्हणून हिशेबही जुळतो. 5 किलो शेण फडक्यात बांधून 20 लिटर पाण्यात रात्रभर लोंबकळत ठेवायचं. 50 ग्रॅम चुना दुसऱ्या भांड्यात भिजवायचा. सकाळी पुरचुंडी दोन-तीनदा पिळून घ्यायची, त्यात 5 लिटर गोमूत्र, मूठभर माती आणि चुन्याची निवळी घालायची. बी गोणपाटावर पसरून हे पाणी शिंपडायचं, हातानं हलकं वरखाली करायचं आणि सावलीत सुकवायचं. सोयाबीन आणि भुईमुगाला चोळायचं मात्र नाही. त्यांचं टरफल नाजूक असतं, सुटलं की उगवण गेली.

त्याआधीची पायरी आणखी स्वस्त आहे. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून भाताचं बी त्यात सोडायचं. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन वाळवायचं. कृषी खातं हीच शिफारस करतं आणि हिला एका रुपयाचं औषध लागत नाही.

बी टिकवण्याची कला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे राज्याला दिसली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राख, कडुनिंबाचा पाला, शेणानं लिंपलेली कणगी, चुलीवरच्या धुरात टांगलेली कणसं: या साऱ्यात ओल आणि कीड दूर ठेवण्याचंच तंत्र आहे.

राबाचा धूर

पेठ-सुरगाण्याकडे नागली-भाताची रोपं जिथे टाकायची, त्या तुकड्यावर शेणाचा थर देतात, त्यावर फांद्यांची कवळं, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सर्वांत वर मातीचा पातळ थर, आणि मग ते पेटवतात. हाच राब. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, राखेतून पालाश आणि चुना मिळतो. पहिल्या पावसात त्या राखेत बी पेरतात.

ब्रिटिश वनखात्याला हे पटलं नाही. कवळं तोडण्यावर निर्बंध आले, ओरड झाली आणि 1885 ते 1887 च्या मुंबई वन आयोगापुढे राब हा मोठा विषय ठरला. हिंदुस्थानची शेती पाहायला आलेल्या डॉ. व्होल्कर यांनीही 1893 च्या अहवालात त्याची दखल घेतली. तेव्हाचा पेच आजही खरा आहे. राबानं रोपवाटिका सुधारते, पण एका छोट्या तुकड्यासाठी बऱ्याच झाडांचा पाला लागतो आणि त्यातलं नत्र धुरात जातं. जंगल भरपूर होतं तोवर हे निभावलं.

दूध कुठून आणायचं?

या प्रश्नाचं उत्तर एका मराठी माणसाच्या सहभागानं सुमारे शंभर वर्षांपूर्वीच शोधलं गेलं होतं. इंदूरला होळकरांच्या राज्यात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली आणि यशवंत वाड यांच्यासोबत 1931 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. गुरांच्या पायाखाली काडीकचरा अंथरायचा, मूत्र मुरलेली माती आणि राख मिसळायची, ढीग ओला ठेवून वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार.

पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांचा 'नाडेप' हौद त्याच वाटेवरचा. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात काडीकचरा सुमारे 1,500 किलो, माती 1,750 किलो आणि शेण फक्त शंभरेक किलो. शेण इथेही विरजणापुरतंच आहे, पण दूध आधी मोजून घेतलेलं आहे. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळतं.

पूर्वी हे दूध दारातच होतं. उकिरडा होता, बैल होते, धनगर शेतात मेंढरं बसवत. आता ट्रॅक्टर आला, गोठे ओस पडले. 2012 ते 2019 या काळात देशातली देशी गाई-बैलांची संख्या 6 टक्क्यांनी घटली. द्राक्षबागायतदाराला शेणखत ट्रकनं विकत घ्यावं लागतं. गुरं शेतातून निघून संस्थांत आली. 1878 मध्ये स्थापन झालेली नाशिक पंचवटी पांजरापोळ ही त्यातली सर्वांत जुन्यांपैकी एक. शहराच्या पश्चिमेला चुंचाळे शिवारात तिची सव्वाआठशे एकरांच्या आसपास जमीन आहे. तिथे उद्योगांसाठी जागा घ्यावी की नाही, यावर 2023 मध्ये नाशिककर रस्त्यावर उतरले होते. त्यांचं बोलणं झाडांविषयी होतं, पण शहराच्या कडेला गुरं, चारा आणि शेणाचा एवढा साठा उरणं हेही शेतीच्या दृष्टीनं तितकंच मोलाचं आहे.

आणि पंचवटीतच दुसरा साठा रोज तयार होतो. बाजार समितीच्या आवारात कोबीचा पाला, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, सडका टोमॅटो. गणेशवाडीच्या फूलबाजारात न विकलेली फुलं. गोदाघाटावर निर्माल्य. नाशिकच्या शिवारातून आलेला हा कर्ब मातीत परत न जाता कचरा ठरतो. बागांमध्येही एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या वर्षानुवर्षं बांधावर जळत होत्या. आता काही बागायतदार यंत्रानं त्यांचा भुगा करून बोदावर पसरतात. पाणी कमी लागतं, बोद भुसभुशीत राहतो. जीवामृत खऱ्या अर्थानं इथे कामाला येतं, कारण खाली कुजवायला काही आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं: 2,481 कोटी रुपये, एक कोटी शेतकरी, दहा हजार जैव निविष्ठा केंद्रं. या केंद्रांतून पिंपं भरून विकली जातील, हे उघड आहे. पण अशा केंद्राचं यश विकलेल्या लिटरांवर मोजलं तर फसगत होईल. केंद्राच्या गावात वर्षभरात एकरी किती काडीकचरा, ताग, गाळ, शेणखत जमिनीत परत गेलं, हा आकडा आधी फलकावर लिहावा. तो शून्य असेल, तर पुढचं पिंप भरायची घाई नको.